अण्णांचा परवाना, माझा परवाना

आमचं कृषी सेवा केंद्र अहमदपूर तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात आहे. परवाने अण्णांच्या नावावर होते. दम्यामुळे त्यांना फवारणीच्या औषधांच्या वासात बसवेना, तेव्हा मला वाटलं, कागदावरचं नाव तेवढं बदलून घ्यायचं. कृषी कार्यालयात कळलं की परवाना म्हणजे सातबारा नव्हे, तो वारसाने लागत नाही. शिवाय तो एक नसून तीन: बियाण्यांचा १९८३च्या नियंत्रण आदेशाखाली, खतांचा १९८५च्या आदेशाखाली आणि कीटकनाशकांचा १९६८च्या कायद्याखाली.

माझं घोडं अडलं ते कीटकनाशकांपाशी. २०१५ साली नियमांत दुरुस्ती होऊन विक्रेत्याला कृषी किंवा विज्ञानाच्या पदवीची अट लागली. जुन्या दुकानदारांना मुदती वाढवून मिळत गेल्या आणि पुढे वर्षभराच्या पदविकेचाही मार्ग निघाला. मी बी.कॉम. झालेला. ओळखीतल्या एकाने लगेच तोडगा सांगितला, ‘‘ॲग्री झालेल्या एखाद्या पोराची पदवी लाव की. तो पुण्यात स्पर्धा परीक्षा करायलाय, त्यालाबी चार पैसे, तुलाबी परवाना.’’ आमच्या भागात ही गोष्ट कुणाला नवी नाही. मी नको म्हटलं, ते काही फार तत्त्वाने नाही. त्या पोराला उद्या नोकरी लागली की आपलं दुकान बंद, एवढा साधा हिशोब होता.

मग ‘देसी’ला नाव घातलं. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या संस्थेने २००३मध्ये निविष्ठा, म्हणजे बियाणं-खतं-औषधं, विकणाऱ्यांसाठी सुरू केलेली ही पदविका. वर्षभर, आठवड्यातून एक दिवस वर्ग. ४० वर्ग आणि ८ शिवारभेटी. अण्णा म्हणाले, ‘‘तीस वर्षं दुकान चालवलं मी. आता तू काय नवीन शिकायलास?’’ ऐन पेरणीच्या दिवसांत लातूरला जायचं म्हणजे गल्ल्यावर त्यांनाच बसावं लागे, म्हणून तो रागही होता.

शिकवायला निवृत्त झालेले एक कीटकशास्त्राचे सर होते. पहिल्याच वर्गात त्यांनी दुकानातली रिकामी खोकी आणायला लावली आणि लेबल मोठ्याने वाचायला सांगितलं. पीक कोणतं, कीड कोणती, मात्रा किती, फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, विषबाधा झाली तर उतारा काय. रोज हे डबे विकणारी आम्ही मंडळी अडखळत होतो. डब्यावरच्या चौकोनातला रंग लाल असेल तर औषध सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. एक जण हिरव्याला सेंद्रिय समजूनच विकत होता. सोयाबीनच्या बियाण्याला पेरणीआधी चोळायचं ते आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी रायझोबियम हे जिवाणू खत, हा क्रमही नीट कळला तो तिथेच.

एका वर्गात यवतमाळचा विषय निघाला. २०१७मध्ये कापसावर फवारणी करताना तिथे वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. आमच्यातला एक जण म्हणाला, ‘‘सर, आम्ही सांगतो हो, पण शेतकरी ऐकत नाहीत. दोन-तीन औषधं एकाच पंपात टाकतात.’’ सर म्हणाले, ‘‘मग बिलावर औषधाचं पूर्ण नाव तरी लिहून द्या. कुणी चक्कर येऊन पडला तर डॉक्टरला उपचार ठरवायला तेवढं हाताशी राहील.’’ बिल म्हणजे जीएसटीची कटकट असं मानणाऱ्या आम्हा सगळ्यांना हे नवीन होतं.

त्याच ओघात मला २०२०चा खरीप आठवला. त्या वर्षी मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी सोयाबीन उगवलंच नाही, तक्रारींचा ढीग पडला, औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. आमच्या दुकानातून नेलेल्यांकडे पावती होती, पिशवी होती, पिशवीवरचा बियाण्याच्या माहितीचा टॅग होता. तालुक्याची समिती शेतात येऊन पंचनामा करून गेली. ज्यांनी स्वस्त पडतं म्हणून बिनपावतीची पिशवी घेतली होती, ते तक्रार कुणाविरुद्ध करणार? परवाना कशासाठी, याचं उत्तर माझ्यासाठी इथे आहे. दाणा चांगला की वाईट, हे पेरण्याआधी शेतकऱ्याला नुसतं बघून कळत नाही. पण चूक झाली तर कुणाचं दार ठोठवायचं, हे तरी ठरलेलं असतं.

पदविका हातात आल्यावर बाकीचं कागदकाम. भाडेकरार, जागेचा नकाशा, खत कुणाकडून येणार ते सांगणारा ‘ओ फॉर्म’, आपला माल विकायला संमती देणारं प्रत्येक औषध कंपनीचं प्रिन्सिपल सर्टिफिकेट. एका कंपनीच्या प्रतिनिधीने ते सर्टिफिकेट अडवून धरलं, आधी अमुक पेट्या उचला म्हणून. ऑनलाइन अर्ज त्रुटीसाठी परत येणं हे तर गृहीतच धरा. तपासणीला आलेल्या साहेबांनी गोदाम, साठा नोंदवही आणि भावफलक बघितला, फोटो काढले. औषध कोण देणार आणि त्याला काय येतं, हे विचारलं नाही.

माझी तक्रार तेवढीच आहे. भाड्याच्या पदवीवर चाललेल्या दुकानातही परवान्याची अशीच फ्रेम भिंतीवर असते आणि गल्ल्यावर दहावी झालेला पोरगा ‘काहीतरी जबर द्या’ म्हणणाऱ्याला हाताला लागेल ते देतो. उलट अण्णांकडे पदवी नव्हती, पण कुणाच्या रानात पाणी साचतं, कोण उधारी बुडवणार, हे त्यांना तोंडपाठ. २०२२मध्ये गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं, तेव्हा लोक मिठाची पोती नेत होते. कोणत्या बांधाला त्या आधी दिसतात हे अण्णांनी सांगितलं आणि गोगलगायी मारणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कशा टाकायच्या ते मी. साहेबांनी पुढच्या वेळी फ्रेमचा फोटो काढण्याआधी गल्ल्यावरच्या माणसाच्या हातात एक डबा द्यावा आणि म्हणावं, वाच.