एका पेटीत दोन साप: दादागिरी की जागेची मारामारी?

दोन बॉल पायथन (पाळले जाणारे छोटे आफ्रिकी अजगर) एकाच आडोशाखाली एकमेकांवर वेटोळं घालून बसले की त्यांची गट्टी जमली असं वाटतं. बहुतेकदा तसं काही नसतं. उबदार आडोसा एकच असतो आणि तो दोघांनाही हवा असतो.

खात्री करायची तर पेटीच्या गरम टोकाला (३१ ते ३३ अंश सेल्सिअस) दोन आणि थंड टोकाला (२५ ते २७) दोन, असे चार सारखे आडोसे ठेवा. ते अंगाला घासतील इतके घट्ट हवेत, ऐसपैस नकोत. आठवडाभर रोज ठरलेल्या वेळी कोण कुठे आहे ते लिहून ठेवा. साप वेगवेगळे बसू लागले, तर आधीची जवळीक नाइलाजाची होती. एकच साप सतत थंड टोकाला, पाण्याच्या भांड्यात किंवा दिवसाढवळ्या काचेला नाक घासताना दिसला, तर तो दबलेला आहे असं समजा. चावाचावी होत नाही म्हणून माणूस गाफील राहतो, पण खरं नुकसान उष्णता न मिळाल्याने होतं. ऊब मिळाली नाही की पचन मंदावतं, गिळलेला उंदीर बाहेर येतो. आणि पेटीत ओकारी पडली, तर ती कोणाची हे कसं कळणार? म्हणून दर आठवड्याला दोघांचं वजन ग्रॅममध्ये घ्या. बॉल पायथन हंगामानुसारही उपास करतो, तेव्हा नुसतं न खाणं हा पुरावा नव्हे. वजन १० टक्क्यांनी घटलं, तर मात्र त्याच दिवशी वेगळं करा.

सापांत वर्चस्व नसतंच, असंही नाही. ते मुख्यतः नरांत, विणीच्या काळात दिसतं. धामणीचे दोन नर एकमेकांना पिळे घालून डोकं खाली दाबू पाहतात. आपल्याकडे त्याला जोडप्याचं मीलन समजून लोक गर्दी करतात, पण ती कुस्ती असते. १९७९ साली बार्कर, मर्फी आणि स्मिथ यांनी बंदिस्त भारतीय अजगरांच्या गटात सरळ उतरंड, म्हणजे कोण वरचा नि कोण खालचा असा क्रम, तयार झाल्याची नोंद केली. अमेरिकेतल्या कॉपरहेड सापांत हरलेला नर दुसऱ्या दिवशीही झुंज टाळतो, त्याच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे तणावाचं संप्रेरक वाढलेलं असतं. मोकळ्या रानात तो निघून जाईल, पेटीत जाणार कुठे?

उत्तर अमेरिकेतला छोटा गार्टर स्नेक हा अपवाद. त्यांची पिल्लं ठरावीक सोबती निवडतात, म्हणून त्यांना एकत्र ठेवण्याला थोडा आधार आहे. किंग स्नेकचा प्रश्नच येत नाही, तो दुसरे साप खातो.

(पाळण्याबाबतचं हे सगळं परदेशी जातींबद्दल. धामण, नाग, अजगर घरी पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे.)

तात्पुरतं एकत्र ठेवावंच लागलं, तर खाऊ घालताना वेगळे डबे वापरा. एकच उंदीर दोघांनी दोन टोकांनी धरला, तर गिळता गिळता एकाचं डोकं दुसऱ्याच्या तोंडात जातं. उंदराचा वास अंगावरून जाईपर्यंत त्यांना परत एकत्र सोडू नका.