नऊ वाजताची प्रार्थना

घरात रोज संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना रुळायला आम्हाला ५ महिने लागले. त्यातले साडेचार माझ्यामुळे वाया गेले. तेव्हा मात्र मी सगळा राग मुलांवर काढत होतो.

कोणी वाचायचं, कोणी गीत धरायचं, हे एका रविवारी बोलता बोलता ठरलं. घोडं अडलं ते वेळेवर. मी रात्रीचे ९ ठरवले. ९ ला थोरलीचा अभ्यास ऐन रंगात, धाकटा पेंगलेला, बायको ओट्याशी, आणि मी "दोन मिनिटं, एवढा एकच मेसेज" म्हणत सगळ्यांना ताटकळत ठेवलेलं. हाका मारण्यातच अर्धा तास जायचा. जमेपर्यंत माझा आवाज चढलेला असायचा आणि त्याच आवाजात मी "हे स्वर्गीय पित्या" म्हणायचो.

वर माझी प्रार्थना लांबलचक. "प्रभू, याला वेळेवर अभ्यासाला बसायची बुद्धी दे, हिला आईशी नीट बोलायला शिकव." देवाच्या नावानं मुलांची खरडपट्टी चालली होती. एका रात्री धाकटा म्हणाला, आज मी करतो. मी खूश. "प्रभू, पप्पांना फोन खाली ठेवायची बुद्धी दे. आमेन." बायकोचं आमेन सगळ्यांत मोठं होतं. मला राग आला, खोटं कशाला सांगू. मत्तयाच्या शुभवर्तमानात (६:७) येशू प्रार्थनेतल्या ज्या व्यर्थ बडबडीबद्दल बजावतो, ती मला तोवर दुसऱ्यांचीच वाटत होती.

दुसऱ्या दिवसापासून घड्याळ सोडलं. जेवण झालं की ताटं उचलायच्या आधी, तिथंच. सगळे बसलेलेच असतात, हाक मारायला नको. इतकं साधं होतं हे, की अजून चीड येते. बायबलमधलं एक स्तोत्र, प्रत्येकाचं एकच वाक्य, मग येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना. ७ मिनिटांत आटोपतं. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरावलीत, म्हणजे विश्वासाचे धडे देणाऱ्या छोट्या पुस्तकात, घरच्यांना शिकवायला दिलेली सायंप्रार्थनाही थोडक्या ओळींची आहे, आणि पुढे सांगितलंय, मग लगेच आनंदानं झोपी जा. हे आधी वाचलं असतं तर!

स्तोत्र ११९ नं सुरुवात करू नका. मी उत्साहात केली होती. १७६ वचनं आहेत. ११७ वं दोनच वचनांचं, ते दमलेल्या दिवसासाठी ठेवा. आणि भांडण झालेल्या दिवशी कोणालाही स्वतःचं वाक्य बोलायला लावू नका, प्रभूची प्रार्थना पुरते. तिच्यातल्या "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" इथं आला की ज्याचा त्याचा आवाज बारीक होतो. तिथं कोणाकडे बघायचं नाही.

परवा मला घरी यायला उशीर झाला. ताटं उचललेली, प्रार्थनाही झालेली. माझ्यासाठी थांबले नव्हते. जरा लागलं मनाला.