तिसरा आकडा

"ही माझी न्हाय." पाकिटातली प्लेट मी पुरती बाहेर काढायच्या आतच काका म्हणाले. "तिसरा आकडा आठ पायजे. तुम्ही चार छापलाय."

मी साताऱ्यात एचएसआरपी, म्हणजे नव्या हाय सिक्युरिटी नंबरप्लेटा, बसवायच्या एका सेंटरवर फिटर आहे. २०२५ मध्ये जुन्या गाड्यांची मुदत मार्चअखेरची एप्रिल झाली, एप्रिलची जून झाली, आणि तशीच पुढं सरकत गेली. त्या दिवसांत आरडाओरडा ऐकायची सवय झाली होती, पण नंबरच चुकलाय अशी तक्रार सहसा येत नाही. बुकिंगला गाडीच्या नंबरासोबत चॅसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच-पाच आकडे घालावे लागतात. ते सरकारी नोंदीशी जुळले नाहीत तर अर्ज पुढंच सरकत नाही. म्हणून मी आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, मागितली.

काकांची आरसी म्हणजे जुनं हातानं लिहिलेलं पुस्तक. त्यात चार. काका म्हणाले, "ते क्लार्कचं अक्षर. त्यो आठ असाच काढायचा." विम्याच्या कागदावर चार. "एजंटचा घोळ." नातवानं बुकिंगआधी आरटीओत जाऊन गाडीची बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या कागदावरची माहिती संगणकात, करून घेतली होती, तिथंही चार. "त्यांनी ह्याच पुस्तकावरनं उतरवलं असणार." यावर मला काही बोलता येईना, कारण हे शेवटचं खरंच होतं.

गाडी होती प्रिया स्कूटर. बाहेरच्यांना हे नाव आठवत नसेल, पण प्रिया आमच्या गावची. बजाज आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून काढलेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातल्या कारखान्यात ती बनायची. काकांच्या गाडीचा नंबर तीन अक्षरं आणि चार आकडे, असा जुन्या पद्धतीचा. १ जुलै १९८९ पासून एमएच आणि जिल्ह्याचा आकडा आला, साताऱ्याला अकरा मिळाला. त्याआधी १९३९ च्या कायद्याची पद्धत होती, दोन अक्षरं राज्याची आणि तिसरं मालिकेचं. मुंबई राज्य होतं तोवर बीएमनं सुरू होणाऱ्या प्लेटा असायच्या, महाराष्ट्र झाल्यावर एमआर, एमएम, एमएच आले. यातली तीन अक्षरी एमएच बघून नवी पोरं हमखास विचारतात, "जिल्हा कुठाय?"

असल्या प्लेटांची मी वही ठेवतो. गाडी कुठली, पत्रा लोखंडी की ॲल्युमिनियमचा, ब्रशचा रंग की रेडियमचा स्टिकर, भोकं किती आणि कुठं, रंगाचे थर किती. फोटो काढतो, पण नंबर पुरता कुणाला दाखवत नाही, गाडी चालू असते. म्हणून इथंही एवढंच सांगतो, की काकांच्या नंबरातले बाकीचे आकडे दोन, तीन आणि शून्य यांच्यातलेच होते. क्रम मनात ठेवतो. हे तीन आकडेच पुढं महत्त्वाचे ठरले.

मी या सेंटरवर येण्याआधी आरटीओजवळच्या एका पेंटरकडं हाताखाली होतो. नियम सगळ्यांना माहीत असायचा: दुचाकीला मागं अक्षर ३५ मिलिमीटर उंच, आकडा ४०, रेषेची जाडी ७, मधली जागा ५. पाळणारे थोडे. पण जुना पेंटर नियम न पाळताही एक गोष्ट पाळायचा, ती म्हणजे आकडा लांबून वाचता आला पाहिजे. पुढं रेडियम कापायची मशीन आली आणि गिऱ्हाईकाला नंबरात 'बॉस' आणि 'राम' दिसायला लागले. नंबरप्लेट वाचण्यासाठी असते हे त्या गिऱ्हाइकांना मान्य नव्हतं, आणि दुकानदारांना पैसे मिळत होते. त्यांचा मला अजून राग आहे.

काकांची मागची प्लेट रेडियमचीच होती. पांढऱ्यावर काळा, इंग्रजी आठ, अगदी सुबक. एका कोपऱ्यात रेडियम सुटून खालचा रंग दिसत होता, तोही पांढरा. मी म्हटलं, काका, ही प्लेट तशीही काढायचीच आहे, वरचं सोलू का?

"सोल की. आठच निघंल."

ड्रायर फिरवून रेडियम हळूहळू ओढलं, डिंक पेट्रोलनं पुसला. खाली ब्रशचं काम निघालं. अक्षरं इंग्रजी, आकडे देवनागरी. असली मिश्र प्लेट एकेकाळी आमच्याकडं बरीच दिसायची. नियमात अक्षरं इंग्रजी आणि आकडे ज्यांना आपण इंग्रजी म्हणतो तेच पाहिजेत, पण मराठी आकड्यांची हौस दांडगी होती. तिसऱ्या जागी होता ४. पेंटरनं ब्रश उचलायच्या आधी वरची दोन टोकं एकमेकांना भिडवली होती. लांबून बघितलं की इंग्रजी आठ, शंकाच नाही.

मला तिथं उभ्या उभ्या उलगडलं. २, ३ आणि ० दोन्हीकडं जवळजवळ सारखेच दिसतात. नंबरात एखादा ५ किंवा ९ असता, तर रेडियमवाल्याला कळलं असतं की आकडे मराठी आहेत. इथं खूणच नव्हती. अक्षरं इंग्रजी दिसली, त्यानं आकडेही इंग्रजी धरले, आणि चाराचा आठ झाला. आरसी मागायचे कष्ट त्यानं घेतले नाहीत. कोण घेतं!

काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे मराठी पेंटरनं आठ इंग्रजीत काढला, आन् बाकीचं मराठीत." त्यांचंही चूक नव्हतं. त्या एका थरावरून दोन्ही बाजू मांडता येत होत्या.

खाली अजून एक थर असणार हे दिसत होतं. खासगी गाड्यांना काळ्यावर पांढरा नंबर होता तो २००१ नंतर पांढऱ्यावर काळा झाला, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या प्रियाची पहिली प्लेट काळीच असणार. मोबाइलची बॅटरी प्लेटच्या अगदी कडेला आडवी धरली. ब्रशनं इनॅमल मारलं की रेषेच्या काठाला धार राहते, आणि ती वरच्या रंगातूनही उठून दिसते. प्लेट तिरकी करत गेलो तसं तिसऱ्या जागी एक तिरपी रेघ दिसली, तिला छेदणारी आडवी, मग उभी. इंग्रजी चार. मला दिसत होता. काकांना दिसत नव्हता.

त्यांना पटवायचं तर वॉटर पेपरनं घासायला पाहिजे होतं. घासलं की तो भिडवलेला देवनागरी ४ जाणार, आणि घोळ कसा झाला याचा पुरावा तो एकच. वहीसाठी मला तो ४ हवा होता, काकांना खालचा आकडा बघायचा होता, आणि रांगेत मागं एक बुलेटवाला हॉर्न मारत होता. आमचा इन्चार्ज येऊन म्हणाला, "आरसीत चार आहे ना? बसव आणि मोकळा हो." नियमानं त्याचं बरोबर होतं. पण तसं केलं असतं तर काका घरी जाऊन उरलेलं आयुष्य म्हणत राहिले असते की सरकारनं माझा नंबर बदलला.

फोटो भरपूर काढले, सरळ उजेडात आणि आडव्या उजेडात, मोजपट्टी ठेवून. मग फक्त तिसऱ्या आकड्यावर ओला वॉटर पेपर फिरवला. पांढरा रंग गेला, काळा दिसायला लागला, आणि त्यात पांढरा चार, पहिल्या पेंटरचा, सरळ आणि एका जाडीचा. काका खाली वाकून बघत बसले. मग चॅसिसवर कागद धरून पेन्सिल घासली, उठलेले आकडे पुस्तकाशी जुळवून दाखवले. तेव्हा कुठं "बसव" म्हणाले.

बसवणं सोपं नव्हतं. नव्या प्लेटची भोकं प्रियाच्या जुन्या ब्रॅकेटशी जुळत नाहीत, गंजलेले स्क्रू कापून काढायला लागले, नवी भोकं पाडली, स्नॅप लॉक ठोकले. ते एकदा बसले की तोडल्याशिवाय निघत नाहीत.

जुनी प्लेट आमच्या इथं गिऱ्हाइकासमोर कात्रीनं कापतात, गैरवापर होऊ नये म्हणून. ते मला मान्य आहे. काळ्या प्लेटा विकत मागणारे शौकीन मला फोन करतात. त्यांना भिंतीवर टांगायला तुकडा हवा असतो, थर बघायला एकालाही वेळ नसतो. मी देत नाही. काकांची प्लेट अक्षरं आणि आकडे यांच्या मधून कापली. दोन्ही तुकडे काका घेऊन गेले.

माझ्याकडं फोटो राहिलेत. वहीत ती प्लेट कुठल्या नंबराखाली लिहावी हे अजून ठरत नाही. नोंदणी चारची, पण पत्र्यानं रस्त्यावर काही वर्षं आठ मिरवलाय, आणि वही तर मी पत्र्याचीच ठेवतो. सध्या दोन्हीकडं लिहून ठेवलंय. वही बघणारा मित्र म्हणतो, एकच वस्तू दोनदा मोजतोयस.

आठचा नंबर मी गाड्यांची नोंद दाखवणाऱ्या ॲपवर टाकून बघितला. तोही खरा निघाला, एक मोटारसायकल, मालकाच्या नावात निम्म्या फुल्या. काकांना फोन करून सांगितलं. रस्त्यावर पोलिसांनी फाडलेली एक जुनी पावती त्यांनी जपून ठेवलीय, तिच्यावर आठचाच नंबर. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "माझ्या पावत्या त्याच्या नावावर गेल्या असतील का रं? सापडला तर सांग. चहा पाजला पायजे त्याला."