दुसऱ्यांच्या गोष्टींचं कपाट

इथल्या सार्वजनिक लायब्ररीत शिरलं की दाराजवळच एक छोटं कपाट असतं. त्यावरची पुस्तकं महिन्यागणिक बदलतात. फेब्रुवारीत कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या इतिहासाची, मार्चमध्ये स्त्रियांची, मेमध्ये आशियाई वंशाच्या लोकांची, १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात स्पॅनिश भाषेच्या मुलखातून आलेल्यांची, नोव्हेंबरमध्ये या भूमीच्या मूळ रहिवाशांची. शेजारी वाचनयादीचे छापील कागद ठेवलेले असतात, ते कुणीही घरी न्यावेत. मी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहते आणि माझं बरंचसं वाचन गेली काही वर्षं या कागदांवर चालतं. न्यूयॉर्क म्हटलं की तुम्हाला उंच इमारती आठवत असतील. मला विचाराल तर या शहरातली सगळ्यात मोलाची गोष्ट हे कपाट आहे.

क्वीन्समध्ये जगाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येऊन राहिली आहेत. सात नंबरच्या गाडीने जॅक्सन हाइट्सहून फ्लशिंगपर्यंत गेलं तर दुकानांवरच्या पाट्या बंगालीतून स्पॅनिशमध्ये आणि पुढे चिनी-कोरियनमध्ये बदलत जातात. त्या त्या वस्तीतल्या लायब्ररीची कपाटंही तशीच बदलतात. क्वीन्स पब्लिक लायब्ररीच्या साठाहून जास्त शाखा आहेत, आणि परदेशातून नव्याने आलेल्यांसाठी तिने १९७७ सालीच वेगळा विभाग सुरू केला होता. वर्गणी नाही, अनामत रक्कम नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये शहरातल्या तिन्ही लायब्ररी-संस्थांनी उशिराचा दंडही बंद करून टाकला. याचा याद्यांशी थेट संबंध आहे. आपल्याकडे आपण पुस्तक बदलायला जातो, एक दिलं की एक मिळतं. मग साहजिकच हात ओळखीच्या लेखकाकडे जातो. इथे पिशवी भरून आणता येतात, म्हणून अनोळखी नाव उचलताना मन कचरत नाही. नाही आवडलं तर तिसऱ्या दिवशी परत.

हे महिने कुणीतरी सहज ठरवलेले नाहीत. कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराने १९२६ मध्ये फेब्रुवारीतला एक आठवडा आपल्या समाजाच्या इतिहासासाठी राखून ठेवायला सुरुवात केली, कारण त्याच आठवड्यात लिंकन आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांचे जन्मदिवस येतात. त्या आठवड्याचा महिना व्हायला १९७६ साल उजाडलं. मे महिन्यामागेही अशाच तारखा आहेत: ७ मे १८४३ ला पहिला जपानी स्थलांतरित अमेरिकेत आला आणि १० मे १८६९ ला देशाच्या दोन टोकांना जोडणारी रेल्वे पूर्ण झाली. या रेल्वेच्या पश्चिमेकडच्या भागासाठी हजारो चिनी मजुरांनी डोंगर फोडले होते.

पण मला ज्या जागेबद्दल सांगायचं आहे ती मॅनहॅटनच्या हार्लेम भागात आहे, १३५ व्या रस्त्यावर. तिथली लायब्ररीची शाखा १९०५ मध्ये उघडली. १९२० च्या दशकात अर्नेस्टिन रोझ नावाची ग्रंथपाल तिथे प्रमुख होती. आजूबाजूची वस्ती झपाट्याने बदलत होती, आणि शाखेत काम करणारी माणसंही त्या वस्तीतलीच हवीत असं तिने ठरवलं. १९२१ मध्ये तिने पुरा बेलप्रे या पोर्तो रिकोहून आलेल्या तरुणीला नोकरी दिली. लहान मुलांच्या विभागात बेलप्रेने पाहिलं तर तिच्या आजीने सांगितलेली एकही गोष्ट कपाटात नव्हती. मग तिने त्या गोष्टी इंग्रजीतून आणि स्पॅनिशमधून सांगायला सुरुवात केली, बाहुल्या करून खेळ केले, आणि झुरळीण आणि उंदीर यांच्या लग्नाची गोष्ट १९३२ मध्ये पुस्तकरूपात आणली. ज्या आयांना इंग्रजी येत नव्हतं, त्या मुलांचं बोट धरून लायब्ररीत येऊ लागल्या. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, लेखक-चित्रकारांच्या बालपुस्तकांना १९९६ पासून बेलप्रेच्याच नावाने पुरस्कार दिला जातो.

याच इमारतीशी दुसरं नाव जोडलेलं आहे आर्तुरो शोम्बर्ग यांचं. तेही पोर्तो रिकोचेच. शाळेत असताना एका शिक्षकाने त्यांना सांगितलं होतं म्हणे, की काळ्या लोकांना इतिहास नसतो, थोर माणसं नसतात. शोम्बर्ग यांनी जन्मभर नोकरी सांभाळून पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं, पत्रकं जमवली. १९२६ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशन या दानसंस्थेच्या १०,००० डॉलरच्या मदतीने न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने तो सगळा संग्रह विकत घेतला आणि पुढे शोम्बर्ग स्वतःच त्याचे अभिरक्षक झाले. आज तिथे त्यांच्या नावाचं संशोधन केंद्र उभं आहे. त्याच्या आतल्या दालनात जमिनीवर नद्यांचं गोल नक्षीकाम आहे, त्याखाली कवी लँगस्टन ह्यूज यांच्या अस्थी आहेत. लोक चालता चालता तिथे थबकतात, खाली कोरलेल्या ओळी वाचतात आणि मग पुढे जातात. पहिल्यांदा गेले तेव्हा मीही बराच वेळ तिथे उभी होते.

तिथून कोलंबिया विद्यापीठ चालत जाण्याएवढं जवळ आहे. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब तिथे शिकत होते. पुढे १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे जे निवेदन दिलं होतं, त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं तेही इथल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून. शाळेत 'गुलामगिरी'चं नाव आपण सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. मला त्या अर्पणपत्रिकेचं वजन कळलं ते फेब्रुवारीच्या यादीतली गुलामांची आत्मकथनं एकामागोमाग वाचल्यावर. लिलावात आईपासून तोडलेलं मूल, चोरून अक्षरं शिकणारा मुलगा, रात्री पायी ओलांडलेल्या सीमा. हे वाचून मी पुन्हा फुल्यांकडे गेले, तेव्हा पुण्यात बसलेला हा माणूस जगाकडे किती मोठ्या नजरेने पाहत होता ते दिसलं. दुसऱ्यांच्या कपाटाने मला माझ्या कपाटाकडे आणून सोडलं. म्हणूनच मला या याद्या त्या त्या समाजापुरत्या वाटत नाहीत.

यादी चांगली कशाने होते? माझ्या मते ती करणाऱ्या माणसाने. आमच्या शाखेत पुस्तकाखाली पोस्टकार्डाएवढा कागद चिकटवलेला असतो. त्यावर ग्रंथपालाने स्वतःच्या अक्षरात तीनचार ओळी लिहिलेल्या असतात: हे पुस्तक कुणाला आवडेल, कुठे रेंगाळतं, कुठे रडवतं. पुरस्कारांची जंत्री नसते. मी एकदा टेबलाशी जाऊन मेक्सिकोबद्दल एखादी कादंबरी सुचवा म्हटलं, तर तिथल्या बाईंनी आधी मलाच विचारलं, अलीकडे वाचलेलं कोणतं पुस्तक मनापासून आवडलं, आणि त्यातलं काय आवडलं? मी सांगितलं, घरातल्या बायकांची आपापसातली बोलणी. त्या उठल्या, दोन कपाटं पार करून गेल्या आणि एक पातळसं पुस्तक घेऊन आल्या. त्यात मेक्सिकोच्या इतिहासाचं अक्षर नव्हतं. एक स्वयंपाकघर होतं आणि तीन बहिणींचं भांडण होतं. मेक्सिको मला त्यातूनच कळला.

असं विचारण्याची पद्धत इथे रुजवणाऱ्यांमध्ये सिअ‍ॅटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचं नाव घेतात. कथानक, पात्रं, परिसर आणि भाषा अशी पुस्तकात शिरायची चार दारं त्यांनी सांगितली आहेत. प्रत्येक वाचकाचं आवडतं दार वेगळं असतं, ते ओळखलं की परक्या देशाचं पुस्तकही परकं वाटत नाही. सगळ्या शहराने मिळून एकच पुस्तक वाचायचा उपक्रमही १९९८ मध्ये त्यांनीच सिअ‍ॅटलमध्ये सुरू केला होता.

लहान मुलांच्या पुस्तकांबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण सगळ्यात मोठी उणीव तिथेच होती. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बालसाहित्य केंद्राने १९८५ मध्ये मोजणी केली, तेव्हा त्या वर्षीच्या सुमारे २,५०० बालपुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची निघाली फक्त १८. पाच वर्षांनी रुडीन सिम्स बिशप या अभ्यासक बाईंनी लिहिलं की मुलांना पुस्तकात स्वतःचं जग दाखवणारा आरसाही हवा आणि दुसऱ्यांचं जग दाखवणारी खिडकीही हवी. ज्यांना फक्त आरसेच मिळतात त्यांचंही नुकसान होतं, हे त्यांचं म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं. अशी पुस्तकं थोड्याच मुलांसाठी असतात असं कुणी म्हटलं, तर न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०२० मध्ये जाहीर केलेला आकडा सांगावा. तिच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात सगळ्यात जास्त वेळा घरी नेलं गेलेलं पुस्तक आहे एझ्रा जॅक कीट्सचं, बर्फात खेळणाऱ्या एका छोट्या कृष्णवर्णीय मुलाचं. १९६२ मध्ये निघालेलं हे पुस्तक ४,८५,५८३ वेळा नेलं गेलं.

मेच्या यादीत मला धनगोपाल मुखर्जी भेटले. कलकत्त्याजवळ जन्मलेल्या या लेखकाला १९२८ मध्ये एका कबुतराच्या गोष्टीसाठी न्यूबेरी पदक मिळालं होतं, अमेरिकेतल्या बालसाहित्याचा सर्वोच्च मान. माझ्या मुलाने ते पुस्तक दोन रात्रींत संपवलं आणि तिसऱ्या दिवशी खिडकीशी बसून कबुतरं ओळखायला लागला.

या महिन्यांच्या पद्धतीत एक गोष्ट मला खटकते. १ मार्च उजाडला की फेब्रुवारीची पुस्तकं आत जातात. एखाद्या समाजाची आठवण वर्षातून अठ्ठावीस दिवस काढून कसं भागेल? शिवाय काही याद्यांमध्ये दुःखच फार असतं. फाळणी, गुलामी, निर्वासितांच्या छावण्या हे सगळं वाचायलाच हवं. पण त्या समाजातली माणसं प्रेमातही पडतात, रहस्यकथाही लिहितात, विनोदही करतात. चांगले ग्रंथपाल हे जाणून असतात आणि त्या पुस्तकांनाही कपाटात जागा देतात.

दुसरीकडे या पुस्तकांवर घाव घालणारेही खूप आहेत. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये ४,२४० वेगवेगळी पुस्तकं लायब्ररीतून काढा अशी मागणी झाली. त्यातली ४७ टक्के समलिंगी-पारलिंगी लोकांच्या किंवा गोऱ्या नसलेल्या समाजांच्या आयुष्याबद्दलची होती. आमच्या शेजारच्या ब्रुकलिनच्या लायब्ररीने २०२२ मध्ये यावर फार सुंदर उपाय काढला: देशभरातल्या १३ ते २१ वयाच्या कुणाही मुलामुलीला तिने मोफत डिजिटल कार्ड देऊ केलं. आपल्या गावातल्या कपाटातून पुस्तक काढलं गेलं असेल तर ब्रुकलिनमधून वाचा.

जाता जाता एक गोष्ट. अमेरिकेहून मदत म्हणून यायचा तो पीएल-४८० चा गहू तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना आठवत असेल. त्या गव्हाचे पैसे भारत रुपयांत भरायचा, आणि १९६२ पासून त्यातल्या काही रुपयांनी भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या लायब्रऱ्यांना पाठवली जाऊ लागली. शिकागोसारख्या विद्यापीठांत मराठीचे इतके चांगले संग्रह आहेत, ते त्यामुळे. आपली माणसं लाल गहू निवडत होती तेव्हा आपल्या कथा-कादंबऱ्या बोटीने इकडे येत होत्या.

यंदा मेच्या यादीसाठी आमच्या ग्रंथपाल बाईंनी मला मराठीतून इंग्रजीत आलेली पुस्तकं सुचवायला सांगितली. मी कितीतरी संध्याकाळी त्यात घालवल्या. दया पवारांचं 'बलुतं', १९७८ चं, जेरी पिंटोंनी इंग्रजीत आणलेलं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', शांता गोखल्यांच्या अनुवादात. ऊर्मिला पवारांचं 'आयदान', माया पंडितांनी अनुवादलेलं. ते तर इथल्याच कोलंबिया युनिव्हर्सिटी प्रेसने २००९ मध्ये काढलं आहे. तीन पुस्तकं, आणि प्रत्येकाखाली लावायला एक कागद. लक्ष्मीबाईंचा सगळ्यात आधी झाला: नवरा धर्म बदलून निघून गेला तेव्हाचीही हकिगत जी बाई तुम्हाला हसवत सांगते, तिच्या घरी चार दिवस राहून या. 'बलुतं'च्या कागदावर मी लिहिलं की मुंबई पाहायची असेल तर यातल्या कावाखाना वस्तीपासून सुरुवात करा, आणि फेब्रुवारीत ज्यांनी गुलामांची आत्मकथनं नेली होती त्यांनी हे नक्की न्यावं. बाईंनी ते वाचलं, शेवटच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, "मग मेपर्यंत थांबायचं कशाला? फेब्रुवारीतच लावू या ना." आता 'बलुतं' दोन्ही याद्यांत आहे.