नांगर नको म्हणणारं आडनाव

जर्मनीत दाराशी उभं राहून फ्लॅटचा नंबर शोधू नये. बहुतेक ठिकाणी तो नसतोच. बेलच्या बटणांशेजारी नुसती आडनावं, पत्रपेटीवरही आडनावच, आणि पोस्टमन तेवढ्यावर काम भागवतो. त्यामुळे एखाद्या दुपारी वरून कुणी खाली येईपर्यंत ताटकळणाऱ्या मराठी माणसाची छान सोय होते. पाट्या वाचायची खोड आपल्याला असतेच. म्युलर, श्मिट, श्नायडर, फिशर, वेबर. गिरणीवाला, लोहार, शिंपी, कोळी, विणकर. देशात सगळ्यांत जास्त आढळणारी आडनावं हीच, म्हणजे बलुतेदारीच दारावर टांगलेली. आणि मग मधेच एखादी पाटी येते, जिच्यापाशी जीभ अडखळते: हासेनप्फ्लूग.

यातला 'प' गिळायचा नाही. 'प्फ्लूग' म्हणजे नांगर, आणि 'प' गेला की उरतं 'फ्लूग', म्हणजे उड्डाण. पहिल्या भागात घोळ याहून मोठा. 'हाझे' म्हणजे ससा. तेव्हा आडनावाचा अर्थ सशाचा नांगर, आणि 'प' गिळलेला असेल तर उडता ससा! ऐकणाऱ्याला हे पटतंही, कारण स्पेलिंगमध्ये नेहमीच्या दोन 's'ऐवजी एकच 's' असलेलं रूपही आहे. जुनी चर्च आणि मठांचे बर्फाळ अवशेष रंगवणारा चित्रकार कार्ल हासेनप्फ्लूग (1802–1858) एकाच 'स'चा.

पण सशाचा इथे काही संबंध नाही. तोडायचं ते असं: हास–एन–प्फ्लूग. 'हास' हे क्रियापद, द्वेष करणं. 'प्फ्लूग' नांगर. मधला 'एन' म्हणजे 'देन' या शब्दाचा झिजून उरलेला तुकडा. नामाआधी येऊन तो कर्म दाखवतो, आपल्या 'नांगराला'मधल्या 'ला'सारखा. सगळं मिळून एक अख्खं वाक्य होतं: 'नांगराचा राग कर', किंवा 'मला नांगराचा तिटकारा आहे'. आज्ञा की स्वगत, यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. हे स्वगतच असावं. नांगराचा राग करा, असं दुसऱ्याला कोण कशाला बजावील? सकाळी बैल जुंपायच्या वेळी घरचा पोरगा जे पुटपुटतो, ते हे.

आपल्याकडे नांगरे आहेत. जर्मनीतही प्फ्लूगर आहेत, नांगरणारे. पण नांगर नको म्हणणारा आपल्याकडे आडनाव होऊन बसलेला दिसत नाही. क्रियापदाची आडनावं आपल्याकडे कमी नाहीत: वाघमारे, डोईफोडे, आगलावे. पण आपण शेवटी 'ए' लावून त्या माणसाबद्दल बोलतो, तो वाघ मारणारा, ती डोकी फोडणारी मंडळी. जर्मन माणूस वाक्यच्या वाक्य उचलून पाटीवर ठेवतो. अशा आडनावांना त्यांच्याकडे 'वाक्यनाम' या अर्थाचाच शब्द आहे.

ती ओळखायची खूण म्हणजे तोच मधला 'एन'. हेबेनश्ट्राइट: भांडण उकर. ग्रीपेनकेर्ल: गड्याला धर, हे उत्तरेकडच्या बोलीतलं, बहुधा शिपायाला किंवा वसुलीवाल्याला चिकटलेलं. झूखेनविर्ट: यजमान शोध. चौदाव्या शतकात या नावाचा एक भाट ऑस्ट्रियात होऊन गेला, आणि आश्रयदाता शोधणं हाच भाटाचा धंदा. मात्र 'एन' दिसला की लगेच टाळी वाजवू नये. रोझेनबेर्गमध्येही 'एन' आहे, पण तो गुलाबांचा डोंगर. तिथे कुणी कुणाला काही करायला सांगत नाही. पहिला तुकडा क्रियापद असेल तरच वाक्य. उलट काही वाक्यनामांना 'एन' लागतच नाही. श्लुकेबिअर म्हणजे बिअर ढोस. ब्लाइपट्रॉय म्हणजे निष्ठेनं राहा. हाबेरेख्ट म्हणजे माझंच खरं. हे आडनाव पुण्यात कसं निघालं नाही, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

असली नावं कुणी स्वतःहून घेत नाही. बाराव्या शतकापासून दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत आडनावं रुळायला लागली, कारण एका गल्लीत सात-आठ योहान झाले की हाक मारायची पंचाईत. मग धंदा, गाव, बापाचं नाव, आणि काहीच नाही जमलं तर चेष्टा. कारागिरांत, विशेषतः लोहारांत, उमेदवारी संपलेल्या पोराला बाकीचे टवाळ नाव ठेवत. न्यूर्नबेर्गला ड्यूरर या नामवंत चित्रकाराच्या हाताखाली काम केलेल्या एका चित्रकाराचं नाव हान्स श्प्रिंगइनक्ले, म्हणजे हिरव्या चाऱ्यात उडी मार. ही उडी नेमकी कुणी मारली होती, देव जाणे. पुढे 1 जानेवारी 1876 पासून साऱ्या जर्मन साम्राज्यात सरकारी जन्ममृत्यू नोंदणी सुरू झाली आणि स्पेलिंगं गोठली. ज्याच्या नोंदीत त्या दिवशी एक 'स' पडला, त्याच्या नातवंडांना तो एकच.

त्याआधीची कागदपत्रं वाचणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत 'e' हे अक्षर अरुंद 'n'सारखं दिसतं. त्यामुळे ज्या 'en'वर सगळा अर्थ उभा, तोच कागदावर चार काड्यांचा पुंजका होतो. 'u' ओळखायचा तर त्याच्या डोक्यावरची छोटी चंद्रकोर शोधायची. ती नसेल तर 'n'. शिवाय पाद्री बायकांच्या आडनावाला शेवटी 'इन' जोडत. हासेनप्फ्लूगिन हे वेगळं घराणं समजून वंशवृक्षाला नवी फांदी काढणारे हौशी लोक पुष्कळ भेटतात.

आडनाव किती दुर्मीळ, हे बघायला टेलिफोनच्या नोंदी घेतात. माइन्झ आणि फ्रायबुर्ग विद्यापीठांनी केलेला सात खंडांचा आडनावांचा नकाशासंग्रह 2005 सालच्या घरगुती लँडलाइनवर बेतलेला आहे. जोडण्या सुमारे 2.8 कोटी, लोकसंख्या 8.2 कोटी, म्हणजे एका जोडणीमागे ढोबळ 3 माणसं. पन्नास जोडण्या सापडल्या तर दीडशेच्या आसपास माणसं धरायची. पुढची आकडेवारी घेऊ नये, मोबाइल आले आणि घरचे फोन गेले. नकाशा दर दहा लाख जोडण्यांमागे किती, असा काढायचा. नुसते आकडे मांडले तर बर्लिन आणि हाम्बुर्ग प्रत्येक आडनावाचं मूळ गाव असल्यासारखे गडद दिसतात. आणि ठिपके देशभर विखुरलेले असतील तर थांबायचं. 1945 नंतर पूर्वेकडून सुमारे 1.2 कोटी जर्मन हाकलले गेले आणि जागा मिळेल तिथे वसले. सिलेशियातलं (हा मुलूख आता बहुतेक पोलंडात) आडनाव आज कुठल्याच एका जिल्ह्यात दाट सापडत नाही, कारण त्याचा जिल्हाच नकाशावर नाही.

हासेनप्फ्लूगांतलं प्रसिद्ध घर हेसनमधल्या कासेलचं. नांगर सुटून इतकी वर्षं झाली होती की या घरातला लुडविग मंत्री झाला, तोही दोनदा, 1832 आणि 1850 साली, आणि दोन्ही वेळा लोकांच्या डोक्यात गेला. विरोधकांनी त्याच्या आडनावाचं 'हेसेनफ्लूख' केलं: हेसनचा शाप. तिकडे बोलताना शेवटचा 'ग' बऱ्याचदा 'ख'कडे झुकतो, त्यामुळे कोटीला फारशी मेहनतही पडली नसेल. त्याची बायको लोटे ही लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंची सख्खी बहीण. 1822 साली लग्न झालं आणि ग्रिमांच्या घरची मुलगी 'नांगर नको' झाली.

दोन्ही घरांची ओळख त्याआधीची. लुडविगच्या बहिणी मारी, जानेट आणि आमाली गोष्टी सांगत, आणि ग्रिम बंधू उतरवून घेत. त्यांच्या कथासंग्रहाच्या 1812 च्या पहिल्या खंडातली लाल टोपीवाली जानेटची, शंभर वर्षं झोपलेली राजकन्या मारीची. आईकडून घराणं फ्रेंच, त्यामुळे जानेटनं सांगितलेला बूट घालणारा बोका फारच फ्रेंच ठरला आणि 1819 च्या आवृत्तीतून गेला. पुस्तकात सांगणाऱ्यांची नावं नव्हती. विल्हेल्म ग्रिमनं आपल्या प्रतीत मात्र हातानं 'मारी' असं लिहून ठेवलं होतं. त्याच्या मुलानं पुढे ठरवून टाकलं की ही मारी म्हणजे शेजारच्या औषधवाल्याच्या घरची म्हातारी मोलकरीण. जगानं ते मानलं, लोककथेला म्हातारी मोलकरीण शोभतेही. हाइन्झ रोलेके या अभ्यासकानं 1975 साली दाखवून दिलं की ती वीस-बावीस वर्षांची मारी हासेनप्फ्लूग होती.

विल्हेल्मनं फक्त आडनाव लिहायचं सोडलं होतं.