एका सर्व्हरवर तीन पीएचपी

माझ्या सर्व्हरवर सध्या तीन पीएचपी, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या या प्रोग्रॅमिंग भाषेच्या तीन आवृत्त्या, नांदतात: ७.४, ८.१ आणि ८.३. सर्व्हर भाड्याचा, उबंटू २२.०४ या लिनक्सचा. त्यावर फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाची सेवा-बुकिंगची साइट आहे, म्हापशाच्या एका हायस्कूलची आहे, कळंगुटच्या एका लहान गेस्ट हाउसचीही आहे. प्रत्येकाला वेगळा सर्व्हर घ्यायचा तर ते भाडं यांच्यापैकी कोणालाच झेपणार नाही. आणि सगळ्यांना एकाच दिवशी नव्या आवृत्तीवर न्यायचं म्हटलं, तर तो दिवस कधी उजाडणारच नाही.

देवस्थानाची साइट ७.४ वर आहे. या आवृत्तीची मुदत २८ नोव्हेंबर २०२२ लाच संपली. पीएचपीकडून तिला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. मग ढकला ८.३ वर, असं लांबून म्हणणं सोपं आहे. पण ८.० मध्ये तुलनेचा नियमच बदलला. पूर्वी रिकामी स्ट्रिंग (रिकामा मजकूर) आणि शून्य यांची दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली की उत्तर 'खरं' यायचं, आता 'खोटं' येतं. देवस्थानाच्या कोडमध्ये तर रकमेचा रकाना रिकामा असला की तो शून्य धरायचा, असं जागोजागी गृहीत धरलेलं आहे. काढून टाकलेलं एखादं फंक्शन निदान एरर तरी देतं. हा बदल अवाक्षर काढत नाही, पावती मुकाट्याने भलत्याच वाटेला लागते. त्यामुळे अशी प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते, आणि तोवर साइट बंद ठेवता येत नाही. देवस्थानाचे कारकून मला म्हणाले, "व्हर्जनचं काय ते तुम्ही बघा सर, पण श्रावणात अभिषेकाच्या पावत्या अडता कामा नयेत." मला ते शंभर टक्के पटतं. त्या पावतीसाठी माणसं पावसात लांबून आलेली असतात.

आवृत्त्या शेजारी-शेजारी बसवणं अवघड नाही. डेबियनसाठी पीएचपीची पॅकेजेस सांभाळणारे ओंद्रेय सुरी उबंटूसाठी पीपीए, म्हणजे पॅकेजेसचं वेगळं भांडार, चालवतात, त्यातून प्रत्येक आवृत्ती आपापल्या फोल्डरात उतरते. प्रत्येकीची एफपीएम सर्व्हिस (पीएचपीचा कोड चालवणारी) वेगळी, तिच्याशी बोलायचं सॉकेट वेगळं. कुठल्या साइटला कुठलं सॉकेट, हे एनजिनएक्स या वेब सर्व्हरला एका ओळीत सांगायचं. मी शिवाय प्रत्येक साइटला स्वतंत्र पूल (एफपीएमच्या प्रोसेसचा गट) आणि स्वतंत्र लिनक्स युजर देतो. उद्या ७.४ मधून कोणी आत शिरलाच, तर शाळेच्या फायली तरी त्याच्या हाती लागू नयेत. एक्स्टेन्शन्स, म्हणजे पीएचपीचे जोडभाग, मात्र दर आवृत्तीला नव्याने बसवावी लागतात. ८.१ ला एमबीस्ट्रिंग आहे म्हणून ८.३ ला आपोआप मिळत नाही, आणि देवनागरी नावं हाताळणारी साइट लगेच अडखळते.

खरी मेख कमांड लाइनवर आहे. नुसतं 'पीएचपी' ही कमांड म्हणजे एक सिमलिंक, दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी खूण. ती कुठे वळवायची हे ठरवणारं अपडेट-अल्टर्नेटिव्ज ऑटो मोडमध्ये असेल, तर नवी आवृत्ती बसवताच ही कमांड त्या आवृत्तीकडे वळते. साइट ७.४ वरच चालू राहते, ब्राउझरात सगळं ठीक दिसतं, आणि रात्रीचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) मात्र ८.३ वर जाऊन हिशेब करतो. म्हणून माझ्या सर्व्हरवर एकाही क्रॉनमध्ये नुसतं पीएचपी नाही. सगळीकडे आवृत्तीच्या आकड्यासकट पूर्ण पाथ आहे. पीएचपीच्या लायब्ररी बसवणारा कंपोझरसुद्धा असाच, हव्या त्या पीएचपीच्या हातून चालवायचा. सर्व्हरचा डिफॉल्ट काय आहे, याच्याशी कुठल्याच साइटला देणंघेणं असू नये, एवढ्या एका गोष्टीवर मी अडून बसतो.

देवस्थानाच्या साइटची प्रत आता ८.३ वर वेगळ्या सबडोमेनवर उभी आहे, डेटाबेसच्या प्रतीसह. एकाच दिवसाच्या नोंदी दोन्हीकडे चालवून बेरजा ताडून पाहतो आहे. चवथ आटोपली की सॉकेटची ती एक ओळ बदलेन आणि एनजिनएक्स रीलोड करेन. ७.४ चा पूल दिवाळीपर्यंत तसाच ठेवणार, काही बिनसलंच तर परत फिरता यावं म्हणून. तोवर त्याच्या ॲक्सेस लॉगमध्ये एकही नोंद आली नाही, की पॅकेजच काढून टाकेन.