नामापुढचा 'टू' : चौथ्या महिन्याची नोंद

मंडळी, इंग्रजीत कोणत्या शब्दापुढे 'टू', 'ऑफ', 'इन' यांतलं काय येतं हे मी कार्डांवर टिपतो आहे. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की क्रियापदांचा गठ्ठा बाजूला ठेवून आता नामांकडे वळतो आहे. खोक्यात सध्या तीनशेच्या वर कार्डं जमली आहेत. प्रत्येक कार्डावर एक इंग्रजी नाम आणि त्याच्यापुढे काय काय येतं याची टिपून घेतलेली उदाहरणं. वाक्यं मुख्यतः ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या ब्रिटिश इंग्रजीच्या नमुन्यांच्या संग्रहातली. 10 कोटी शब्दांचा हा साठा 1994 साली पुरा झाला, म्हणजे भाषा तीस वर्षांपूर्वीची आहे, पण या कामाला ती चालते.

नामांत हात घातल्यावर पहिली अडचण आली ती आपल्या 'चा-ची-चे'ची. मराठीत जाण्याचा निर्णय, जाण्याची कल्पना, जाण्याची अडचण, सगळीकडे एकाच प्रत्ययावर भागतं. इंग्रजीत मात्र 'डिसिजन टू गो', 'आयडिया ऑफ गोइंग' आणि 'डिफिकल्टी इन गोइंग' अशी तीन वेगळी दारं. कोणत्या नामाला कोणतं दार, हे नाम स्वतःच ठरवतं. मराठीतून विचार करणाऱ्याला तिथे काहीच खूण दिसत नाही, म्हणून आपण सरसकट 'ऑफ' लावून मोकळे होतो.

सुरुवातीला मी एक सोपा नियम धरला होता: ज्या क्रियापदाला किंवा विशेषणाला 'टू' चालतो, त्याच्यापासून झालेल्या नामालाही तो चालेल. डिसाइडवरून डिसिजन, रिफ्यूजवरून रिफ्यूजल, एबलवरून ॲबिलिटी, विलिंगवरून विलिंगनेस. चाळीसेक कार्डं या नियमात सरळ बसली. मग 'लव्ह'चं कार्ड आलं आणि गाडी अडली. 'आय लव्ह टू स्विम' बरोबर, पण नाम केलं की 'माय लव्ह ऑफ स्विमिंग'. 'लाइक टू' म्हणता येतं, पण 'लायकिंग फॉर'. 'प्रिफर टू', पण 'प्रेफरन्स फॉर'. 'हेट टू', पण 'हेट्रेड ऑफ'. आणि याच घरातली 'डिझायर', 'विश', 'अर्ज' (म्हणजे तीव्र ओढ) ही नामं मात्र 'टू' आनंदाने घेतात.

बरेच दिवस या दोन ढिगांकडे बघत बसल्यावर मला जे वाटलं ते असं: इच्छा अजून न घडलेल्या गोष्टीकडे झेपावते, प्रेम किंवा तिटकारा आधीपासून असलेल्या गोष्टीवर जडलेला असतो. 'टू'ला पुढे बघणारं नाम हवं. 'होप' मात्र इथे बसत नाही. आशा पुढेच बघते, तरी नाम झाल्यावर 'होप ऑफ विनिंग' हाच जास्त रुळलेला प्रयोग. 'इन्टेन्शन' दोन्हीकडे जातं, पण नकार आला की 'नो इन्टेन्शन ऑफ' जवळजवळ ठरलेलं. ही दोन कार्डं वेगळ्या रंगाची केली आहेत.

'अटेम्प्ट टू', 'फेल्युअर टू' आणि 'सक्सेस इन' हे त्रिकूट मला फार आवडतं. प्रयत्नाला 'टू', अपयशालाही 'टू', आणि यश आलं की 'इन'. यश मिळालं म्हणजे माणूस त्या कामाच्या आत पोचला, आता कशाकडे जायचं उरलंच नाही, असं मी स्वतःला समजावलं आहे. 'चान्स'ची गंमत आणखी वेगळी. 'चान्स टू विन' म्हणजे जिंकण्याची संधी, 'चान्स ऑफ विनिंग' म्हणजे जिंकण्याची शक्यता. इथे मराठी नाम बदलते, इंग्रजी नामापुढचा शब्द बदलते.

आता 'टू'च्या मुळाकडे. जुन्या इंग्रजीत साध्या इन्फिनिटिव्हच्या, म्हणजे क्रियापदाच्या मूळ रूपाच्या, शेवटी 'अन' असायचं: 'सिंगन', गाणे. पण 'टो' हे प्रीपोझिशन (नामाआधी येणारं, आपल्या शब्दयोगी अव्ययासारखं) लावलं की रूप 'टो सिंगन्ने' व्हायचं, म्हणजे क्रियापदाच्या नामरूपाची चतुर्थीच. गावाकडे जाताना जो 'टो' तोच गाण्याकडे जाताना. हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठलो, कारण आपलं 'करायला' म्हणजे 'करावयाला', आणि त्यातला 'ला' हा 'घरी' न म्हणता 'गावाला जातो' म्हणताना लागतो तोच 'ला'! दोन्ही भाषांनी दिशेच्याच प्रत्ययातून हेतू काढला. फरक एवढाच की आपला 'ला' क्रियापदापाशी थांबतो. 'जायला निर्णय' आपण म्हणत नाही. असं नाम आलं की 'चा' पुढे येतो.

यामुळेच इंग्रजीत दोन 'टू' शेजारी शेजारी राहतात आणि माणूस फसतो. एका कार्यालयाला लिहिलेल्या पत्रात मी 'ऑब्जेक्शन टू पे' असं लिहून बसलो होतो. पाहिजे होतं 'ऑब्जेक्शन टू पेइंग', कारण तो 'टू' प्रीपोझिशन आहे. तेव्हापासून कसोटी लावतो: क्रियापदाच्या जागी नुसतं नाम ठेवून बघायचं. 'ऑब्जेक्शन टू द प्लॅन' चालतं, म्हणून 'पेइंग'सारखं आयएनजी रूप. 'डिसिजन टू द प्लॅन' चालत नाही, म्हणून इन्फिनिटिव्ह. 'की' (किल्ली), 'सोल्यूशन', 'ऑब्स्टॅकल' या कसोटीला उतरतात. 'राइट' मात्र दोन्ही घेतं, 'राइट टू व्होट' आणि 'राइट टू एज्युकेशन', तसंच 'इन्व्हिटेशन'ही. तिथे कसोटी अपुरी पडते, कार्डच पाठ करावं लागतं.

हालचालीच्या नामांत एक गोष्ट वारंवार दिसली. क्रियापदाला जे लागत नाही ते नामाला लागतं. 'व्हिजिट द म्युझियम', पण 'अ व्हिजिट टू द म्युझियम'. 'एंटर द रूम', पण 'एंट्री इन्टू द रूम'. 'अराइव्हल'ने मात्र क्रियापदाचाच 'ॲट' जपला आहे, 'टू' घेतला नाही. 'असेंट'चं कार्ड तर वाचावं असं: 'असेंट ऑफ द माउंटन', पण 'असेंट टू द समिट'. डोंगर आपण चढतो, शिखराकडे जातो, आणि हा भेद एका छोट्या शब्दात धरला आहे.

या महिन्याचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो नाम, इन्फिनिटिव्ह आणि हालचालीचं प्रीपोझिशन एकत्र येतात त्या रचनेवर. 'अ चेअर टू सिट ऑन' सगळ्यांना माहीत असतं. पुढे जा: 'अ होल टू क्रॉल थ्रू', 'अ ब्रिज टू वॉक अक्रॉस', 'अ विंडो टू जंप आउट ऑफ'. नाम पुढे निघून गेलं तरी प्रीपोझिशन आपल्या जागी एकटं उभं. आपल्याकडे 'बसायला खुर्ची' म्हटलं की 'वर' गळून पडतो, कारण आपलं शब्दयोगी अव्यय नामाला चिकटलेलं असतं, नाम सरकलं की त्याला पाय टेकायला जागा उरत नाही.

पण मग मराठी दिशा हरवते का? नाही. 'अ रिव्हर टू स्विम इन' म्हणजे पोहायला नदी, आणि 'अ रिव्हर टू स्विम अक्रॉस' म्हणजे पोहून पार करायची नदी. 'अक्रॉस' आपण क्रियापदात नेला, आणि पोहणं 'पोहून' होऊन बाजूला झालं. ओलांडणे, शिरणे, उतरणे, निसटणे, ही आपली प्रीपोझिशनंच आहेत. भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड टाल्मी यांनी भाषांची केलेली वाटणी हीच: काही भाषा वाट क्रियापदात ठेवतात, काही क्रियापदाबाहेर. म्हणून मराठीतून इंग्रजी लिहिताना शेवटचं 'थ्रू' किंवा 'अक्रॉस' विसरतं. आपल्या मनात ते क्रियापदातच बोलून झालेलं असतं. 'प्लेस' एवढं एक नाम मोकळीक देतं: 'अ प्लेस टू लिव्ह' पुरतं, 'इन' नसला तरी कुणी अडत नाही. पण 'हाउस' आलं की 'अ हाउस टू लिव्ह इन'.

सध्या टेबलावर 'वे'चं कार्ड आहे. 'वे टू एस्केप' आणि 'वे ऑफ एस्केपिंग' दोन्ही चालतात, 'वे टू द रिव्हर' आहे, 'वे इन्टू', 'वे आउट ऑफ', 'वे थ्रू' आहेत, आणि 'द वे शी वॉक्स'मध्ये काहीच लागत नाही. कार्डाच्या दोन्ही बाजू भरल्या, तिसरं कार्ड टाचणीने जोडलं आहे. तुमच्यापैकी कुणाकडे 'वे टू' आणि 'वे ऑफ' यांत अर्थाचा खरा फरक दाखवणारी वाक्यांची जोडी असेल तर जरूर पाठवा.